ठोकळ्यांच्या खेळातून सहकार्य: तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी सामान, जागा आणि पहिले काही आठवडे

‘मिळून खेळा रे’ असं सांगून मुलं मिळून खेळायला लागत नाहीत. पुलाची पट्टी लांब असते, एक टोक टेकवावं तर दुसरं घसरतं, तेव्हा मूल आजूबाजूला बघतं आणि शेजारच्याला म्हणतं, ‘धर ना जरा.’ सहकार्याची सुरुवात बहुतेक वेळा अशी होते. म्हणून मोठ्या माणसाचं निम्मं काम खेळ सुरू होण्याआधीचं आहे. सामान किती, जागा केवढी, मुलं किती आणि वेळ किती, हे चार हिशेब नीट बसले की उपदेश फारसा करावा लागत नाही. ते चुकले तर कितीही समजावलं तरी दहाव्या मिनिटाला रडारड ठरलेली.

खालची मापं घरी चालतील आणि बालवर्गातही.

आधी मूल कुठे आहे ते बघा

अमेरिकन संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये लहान मुलांच्या खेळाची एक वर्गवारी मांडली, ती आजही वापरात आहे. एकट्याने खेळणं, बाजूला उभं राहून बघणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, देवाणघेवाण करत पण वेगवेगळं खेळणं आणि एकच काम वाटून घेऊन खेळणं, असे तिचे मुख्य प्रकार. अडीच-तीन वर्षांच्या मुलाकडून शेवटच्या प्रकाराची अपेक्षा करू नका. शेजारी बसून तसाच मनोरा रचणं ही त्या वयात चांगली प्रगती आहे. साडेचारच्या पुढे कामं वाटून घेणं दिसू लागतं, पण तेव्हाही मूल एकाच तासात सगळ्या प्रकारांतून फिरून येतं. त्याला मागे पडणं समजू नये.

बांधकामाचेही टप्पे आहेत. अमेरिकन शिक्षिका हॅरिएट जॉन्सन यांनी १९३३ मध्ये ते नोंदवले: आधी ठोकळे नुसते उचलून इकडून तिकडे नेणं, मग ओळी आणि मनोरे, मग दोन ठोकळ्यांवर तिसरा आडवा टाकून पूल, मग चारी बाजूंनी बंद केलेली जागा, मग नक्षी, आणि पुढे ‘हे हॉस्पिटल’, ‘ही बोट’ अशी नावं देऊन रंगणारा लुटुपुटीचा खेळ.

यातला पूल आणि बंद जागा हा भाग आपल्या कामाचा. मनोऱ्याला टोक एकच असतं, त्यामुळे त्यावर शेवटचा ठोकळा कोणी ठेवायचा यावरून भांडण होतं. बंद जागेला मात्र आत आणि बाहेर असतं. दार कुठे, आत कोण राहतं, बाहेरून कोण येणार, हे प्रश्न आपोआप निघतात आणि प्रत्येक प्रश्नात दुसऱ्या मुलाला जागा मिळते. नुसते ठोकळे वाहून नेणारं मूल आणि घर बांधणारं मूल पहिल्याच दिवशी एका गटात घालू नका. पहिलं मूल दुसऱ्याच्या भिंतीतले ठोकळे काढून नेईल. त्यात खोडसाळपणा नसतो. त्याला ती भिंत दिसतच नाही, ठोकळे दिसतात.

सामान: काय आणि किती

सगळ्यांत उपयोगी पडतात ते रंग न दिलेले, एकमेकांच्या पटीत असलेले लाकडी ठोकळे. बालशिक्षणतज्ज्ञ पॅटी स्मिथ हिल यांचे मोठे ठोकळे पाहून अमेरिकन शिक्षिका कॅरोलाइन प्रॅट यांनी हे घडवले. १९१४ मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी शाळा सुरू केली, तिथे ते रुळले. मूळ ठोकळा साधारण १४ सेंमी लांब, ७ सेंमी रुंद आणि ३.५ सेंमी जाड. म्हणजे जाडी, रुंदी, लांबी यांचं प्रमाण १:२:४. दोन अर्धे मिळून एक पूर्ण होतो, दोन पूर्ण मिळून एक दुप्पट. लांब ठोकळे संपले तरी मुलाला लहान जोडून वाट काढता येते, आणि ‘तू घे, मी दोन लहान लावतो’ हा तोडगा याच मापांमुळे शक्य होतो.

चार मुलांसाठी:

- अर्धे (७ सेंमी): ३०
- पूर्ण (१४ सेंमी): ५०
- दुप्पट (२८ सेंमी): २४
- चौपट (५६ सेंमी): ८
- बारीक उभे खांब (१४ × ३.५ × ३.५ सेंमी): १६
- कमानी, त्रिकोण, अर्धवर्तुळं मिळून: १२

एकूण १४०, म्हणजे दर मुलामागे ३५. वीसच्या खाली गेलात की कोणाचंच काही पूर्ण होत नाही आणि प्रत्येक जण ठोकळे मांडीखाली दडवायला लागतो. साठच्या वर गेलात तर चार मुलं चार कोपऱ्यांत चार घरं बांधतात, कोणालाच कोणाची गरज पडत नाही. चौपट मात्र मुद्दाम आठच ठेवायचे. बाकी भरपूर आणि एकच गोष्ट मोजकी असली की मुलं घासाघीस शिकतात. सगळंच कमी असलं की हिसकाहिसकी.

रंगीत ठोकळ्यांबद्दल स्पष्ट सांगायचं तर सुरुवातीला ते नकोत. मुलं रंगानुसार वाटणी करून टाकतात, ‘लाल माझे, निळे तुझे’, आणि तिथेच खेळाचे दोन तुकडे होतात. एकमेकांत अडकणारे छोटे प्लॅस्टिकचे तुकडेही या कामाला दुय्यम. ती रचना हातात मावते, उचलून नेता येते, त्यामुळे मूल ती घेऊन बाजूला बसतं. जमिनीवरचं, उचलून नेता न येणारं बांधकाम असलं की मुलांना त्याच्याभोवती एकत्र बसावं लागतं.

लाकडी ठोकळे नसतील तर पुठ्ठ्याचे खोके घ्या. साधारण ३० × २० × १० सेंमीचे, शक्यतो एकाच मापाचे २० ते २५. प्रत्येकात चुरगळलेलं वर्तमानपत्र ठासून भरा आणि सगळ्या कडा रुंद चिकटपट्टीने बंद करा. न भरलेला खोका तिसऱ्या थराच्या वजनाने मधोमध दबतो, वरचं सगळं एका बाजूला कलतं आणि दोष नेमका शेवटी हात लावणाऱ्या मुलाच्या माथी येतो. याशिवाय मूल आत बसू शकेल असे दोन मोठे खोके ठेवा. ते एकट्याला उचलता येत नाहीत, हाच त्यांचा उपयोग.

माणसं, गाड्या, कापड हे पहिल्या दोन-तीन बैठकांत बाहेर काढू नका, नाहीतर बांधकाम राहून जातं. नंतर सहा छोटी माणसं, चार प्राणी, चार गाड्या, मीटरभर लांब-रुंद कापडाचे तीन तुकडे, पुठ्ठ्याच्या दहा नळ्या आणि ४० × ६० सेंमीचे चार सपाट पुठ्ठे पुरेत. दिवे लागणारी, आवाज करणारी एकच एक गाडी ठेवली तर तासभर फक्त तिचीच चर्चा होते. तशा दोन ठेवा किंवा एकही नको.

सुरक्षेचं थोडक्यात: टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून आरपार जाणारी कोणतीही वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या आसपास नसावी. लांब दोऱ्या, सुटी चुंबकं, बटणासारख्या बॅटऱ्या अजिबात नकोत. लाकडी ठोकळ्याची कड खरखरीत झाली की पॉलिश पेपरने घासून घ्या. मनोरा रचणाऱ्याच्या खांद्यापर्यंतच.

जागा

चार मुलांना साधारण दोन मीटर बाय अडीच मीटर मोकळी जमीन लागते. कोपरा निवडा, म्हणजे दोन बाजूंनी येजा आपोआप बंद होते. दारासमोरची जागा टाळा. बांधकाम पडण्याचं मोठं कारण जाणाऱ्या-येणाऱ्याचे पाय असतात. खाली पातळ सतरंजी किंवा चटई असावी. जाड, मऊ गालिच्यावर सहाव्या ठोकळ्यानंतर मनोरा डुलतो आणि मुलांना आपलंच काहीतरी चुकलं असं वाटतं. उघड्या फरशीवर पडणाऱ्या लाकडाचा आवाज इतका होतो की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही.

ठोकळे टोपलीत ओतून ठेवू नका. बुटक्या, उघड्या रॅकवर आकारानुसार मांडा आणि प्रत्येक जागेवर त्या आकाराची कागदी आकृती चिकटवा. टोपलीतून एक ठोकळा शोधायला मूल पन्नास ठोकळे उपसतं आणि ते शेजारच्याच्या रस्त्यावर पडतात. रॅकपासून ४० सेंमीवर जमिनीला रंगीत चिकटपट्टीची रेघ मारा. रेघेच्या आत बांधायचं नाही. हा एक नियम नसेल तर पहिलं घर रॅकला टेकून उभं राहतं आणि बाकीच्यांना सामान काढता येत नाही.

पहिली बैठक

पहिल्या दिवशी दोनच मुलं बसवा. तीन मुलांत दोघांची जोडी जमते आणि तिसरं बाहेर राहतं, म्हणून दोनवरून थेट चारवर गेलेलं बरं. वेळ ४५ ते ६० मिनिटं. वीस मिनिटांची बैठक फुकट जाते, कारण पहिली पंधरा-वीस मिनिटं सामान बाहेर काढण्यात आणि एकमेकांचा अंदाज घेण्यातच जातात.

१. नियम तीनच सांगा: रेघेच्या आत बांधायचं नाही, दुसऱ्याचं बांधकाम त्याला विचारल्याशिवाय हलवायचं नाही, ठोकळा फेकायचा नाही. चौथा नियम कोणाच्या लक्षात राहत नाही.

२. विषय देऊ नका. पहिला दिवस हाताला वजनाची ओळख व्हायला आहे. तुम्ही जमिनीवर बसा, पण हातभर लांब.

३. पहिल्या दहा मिनिटांत काहीही बोलू नका, दुखापतीची वेळ आल्याशिवाय. हे फार अवघड जातं.

४. वीस मिनिटांच्या आसपास दोन बांधकामांमधलं अंतर बघा. ते अर्धा मीटर किंवा कमी असेल तर फक्त दिसतंय ते सांगा: ‘तुझा रस्ता इथे थांबलाय. तिचं घर तिथे सुरू होतंय.’ पुढे ‘मग जोडा की’ हे म्हणू नका. बऱ्याचदा मूल स्वतःच एक ठोकळा मध्ये टाकतं. नाही टाकला तर आज नाही.

५. संपायच्या दहा मिनिटं आधी एकदा आणि पाच मिनिटं आधी पुन्हा सांगा. अचानक ‘चला, आवरा’ म्हटलं की आधीचं सगळं शहाणपण वाया जातं.

आठवड्यातून तीन वेळा तरी हे व्हावं आणि पहिले काही आठवडे तीच मुलं असावीत. रोज गट बदलला तर रोज पहिला दिवस.

एकट्याला न जमणारं काम

तिसऱ्या-चौथ्या बैठकीपासून सामानातच अशी अडचण पेरा. सगळ्यांत हमखास चालणारी म्हणजे पूल. जमिनीवर निळ्या कापडाची २० सेंमी रुंद पट्टी अंथरा आणि म्हणा, ‘ही नदी आहे. माणसांना पलीकडे जायचंय.’ एवढंच.

मूल दोन्ही काठांवर दोन-दोन पूर्ण ठोकळे उभे रचतं. वर २८ सेंमीचा दुप्पट ठोकळा टाकला तर दोन्हीकडे फक्त ४ सेंमी टेकतो. नेमका मधोमध बसला तर उभा राहतो, जरा सरकला की एक टोक सुटतं आणि खांबही घेऊन जातं. इथे एकाने खांब धरायचे आणि दुसऱ्याने पट्टी टेकवायची, हे मुलांना दोन-तीन पडझडींनंतर उमगतं. तोवर कोणी ‘तू हलवलंस!’ म्हणेल. त्याला उत्तर म्हणून बोट पट्टीच्या टोकाकडे न्या आणि विचारा, ‘इकडे किती टेकलंय? आणि तिकडे?’ दोष माणसावरून ठोकळ्यावर गेला की भांडण विरतं.

नदी ३० सेंमीची केलीत तर दुप्पट ठोकळा थेट पाण्यात पडतो. मग चौपट लागतो, आणि तो कोणीतरी भिंतीत वापरलेला असतो. आता मागायला जावं लागतं. किंवा नदीच्या मधोमध खांब उभारावा लागतो, ही सुचणारी दुसरी वाट. पाच-सहा वर्षांची मुलं या एका प्रश्नावर अर्धा तास घालवतात. त्यांना घालवू द्या.

कापडाचं छतही चांगलं. मीटरभर कापड चार भिंतींवर टाकायला दोघांनी समोरासमोरचे कोपरे धरावे लागतात, एकट्याने ओढलं की भिंतच येते. कडेवर अर्धे ठोकळे वजन म्हणून ठेवायचं मुलांना सुचतं, पण एका बाजूला चार आणि दुसरीकडे एकही नाही असं करतात, मग कापड ठोकळ्यांच्या बाजूला ओढलं जातं. उतारावरून चेंडू सोडण्याच्या खेळात एक सोडणारा, एक पकडणारा आणि एक उताराचा टेकू बदलणारा अशी कामं न सांगता वाटली जातात.

साडेचार वर्षांनंतर कागदावरचा आराखडा आणता येतो. पण कागद एकच, साधारण ६० × ९० सेंमी, आणि जाड स्केचपेनही एकच. प्रत्येकाला वेगळा कागद दिलात तर चार आराखडे तयार होतील आणि पुढचा तास ‘माझा आधी’ यात जाईल. आराखडा पाच-सात मिनिटांत उरकावा. बांधकाम त्याबरहुकूम झालं नाही तर बिघडत नाही. एकमेकांना दाखवून बोलायला एक गोष्ट मिळाली, एवढंच हवं होतं.

तुमचं बोलणं

‘छान!’, ‘शाब्बास!’ हे शब्द इथे आवरते घ्या. ज्याला शाबासकी मिळाली तो तुमच्याकडे बघायला लागतो, शेजारच्याकडे बघायचं सोडतो. त्याऐवजी एका मुलाचा प्रश्न दुसऱ्याकडे वळवा. ‘माझी कमान पडतेय’ अशी तक्रार आली तर ‘मघाशी तिची कमान उभी राहिली होती, तिने खाली काय ठेवलं होतं?’ असं विचारा. तो तिच्याकडे जाईल.

मुलांना काही वाक्यं हाताशी द्यावी लागतात, कारण लहान मुलाला ‘मला खेळायला घे’ एवढंच येतं आणि त्याला ‘नाही’ हे उत्तर सोपं असतं. ‘मी दूध आणणारा होऊ का?’ किंवा ‘तुमच्या हॉस्पिटलला गाडी लागेल का?’ अशी भूमिका घेऊन आत शिरणाऱ्याला मुलं सहसा अडवत नाहीत. बाहेर उभ्या असलेल्या मुलाच्या कानात हे वाक्य सांगा, गटाला ‘त्यालाही घ्या’ असं फर्मान सोडू नका. घेतलेलं मूल आणि लादलेलं मूल यांना मिळणारी वागणूक अगदी वेगळी असते.

कुठे बिघडतं

एक मूल मुकादम होतं. बाकीचे ठोकळे आणून देतात, तो लावतो. हे पहिल्या आठवड्यात चालू द्या, पुष्कळ मुलांना आणून देण्यातही मजा वाटते. तसंच राहिलं तर त्याला बोलण्याऐवजी काम लांब करा: खोलीच्या दोन टोकांकडून एकाच वेळी रस्ता सुरू करा. एकाच माणसाला दोन्ही टोकांवर हुकूम चालवता येत नाही.

कल्पनांची टक्कर होते. एकाला डायनोसॉरचं जंगल हवं, दुसऱ्याला दवाखाना. मोठी माणसं लगेच ‘आधी हे, मग ते’ अशी पाळी लावतात आणि दोन्ही खेळ मरतात. थोडं थांबा. डायनोसॉरचा पाय मोडतो आणि तो दवाखान्यात येतो, हे मुलांना आपल्याआधी सुचतं. पाच मिनिटांत नाहीच सुचलं तर ‘दवाखान्यात कोण कोण येतं?’ एवढा प्रश्न टाका.

पाडापाडी. अपघाताने पडलं तर ‘चुकून झालं’ म्हणून सोडून देऊ नका, माफीही वदवून घेऊ नका. ‘कुठला भाग पडला? आधी कसा होता?’ असं विचारून पाडणाऱ्याला दुरुस्तीत घ्या. मुद्दाम पाडणारं मूल बहुतेक वेळा दोन कारणांनी पाडतं: पडण्याचा आवाज आवडतो म्हणून किंवा खेळात घेतलं नाही म्हणून. पहिल्यासाठी बाजूला पाच खोक्यांचा ‘पाडायचा मनोरा’ ठेवा. दुसऱ्यासाठी आधीचा परिच्छेद पुन्हा वाचा, कानात सांगायच्या वाक्याचा.

काही मुलं कोपऱ्यात फिरकतच नाहीत, कारण तिथे तेच ते तिघे-चौघे ठाण मांडून असतात. मुलींच्या बाबतीत हे जास्त दिसतं. नुसतं ‘या ना’ म्हणून उपयोग नसतो. आठवड्यातली एक बैठक त्या मुलांसाठी राखून ठेवा. हात बसला की मिश्र गटात ती आपणहून ठोकळा मागतात.

आणि काही दिवस काहीच जमत नाही. झोप अपुरी, भूक, नवीन मूल. अशा दिवशी बैठक वीस मिनिटांत गुंडाळा.

ठेवणं, मोडणं, आवरणं

जमेल तेव्हा बांधकाम रात्रभर तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी मुलं नव्याने काही बांधत नाहीत, जुन्यात भर घालतात, आणि लुटुपुटीचा खेळ खरा रंगतो तो इथेच. शेजारी पुठ्ठ्याची पाटी लावा, त्यावर बांधणाऱ्या सगळ्यांच्या खुणा. ठेवता येत नसेल तर मुलांसमोर फोटो काढा आणि पुढच्या बैठकीआधी तो दाखवा.

मोडायचं तर ज्यांनी बांधलं त्यांनीच, सगळ्यांची संमती घेऊन, वरून खाली. आवरताना ‘सगळ्यांनी आवरा’ म्हटलं की दोघं आवरतात आणि दोघं गायब होतात. प्रत्येकाला एक आकार द्या: तू कमानी, तू दुप्पट. किंवा ओळीत उभं करून हातोहात ठोकळे रॅकपर्यंत पोचवा. १४० ठोकळ्यांना चार मुलांना दहा-बारा मिनिटं लागतात. ती बैठकीच्या वेळेत धरा, नंतरची म्हणून नाही.

काय टिपून ठेवायचं

दर बैठकीत मधली पाच मिनिटं वही घेऊन बसा. चार गोष्टी लिहा: कोणी कोणाकडे काही मागितलं, कोणी न मागता दिलं, ‘माझं’ आणि ‘आपलं’ हे शब्द कोणाच्या तोंडी आले, आणि भांडण झालं तर ते तुमच्याशिवाय किती वेळात मिटलं. मूल चांगलं की वाईट हे लिहू नका, झालं तेवढंच लिहा. सहा-आठ बैठकांनंतर पानं शेजारी ठेवली की ठोकळे वाढवायचे, नदी रुंद करायची की एखाद्या मुलाला वेगळ्या जोडीदारासोबत बसवायचं, हे त्यातूनच ठरवता येतं.